काबरीचा पांढरा पडलेला तुरा

रुग्ण म्हणजे एक गावरान कोंबडी. वय अडीच वर्षांच्या आसपास, अंगावर काळे-पांढरे ठिपके, म्हणून नाव काबरी. जिंतूर तालुक्यातल्या एका गावात, जुन्या माळवदाच्या घरात तिचा मुक्काम. घरात आणखी सात-आठ कोंबड्या आणि एक कोंबडा आहे, पण ती मंडळी अंड्यासाठी आणि पाहुण्यांसाठी. काबरी मात्र आजींच्या नातीची. शाळेतून पोरगी आली की ही दारापर्यंत पळत जाते. दोन आखाड आले-गेले, तरी तिच्या गळ्याला कुणी हात लावला नाही. नवरात्र संपल्यावर शेजारणीनं "मरायच्या आत कापून टाका, चारशे-पाचशे तरी वाचतील" असा सल्ला दिला, तेव्हा नातीनं दोन दिवस शेजारणीशी बोलणं टाकलं.

मी त्या गावात लाळ्या-खुरकूतच्या लसीकरणासाठी गेलो होतो. गोठ्यातलं काम संपत आलं तशी आजी म्हणाल्या, "डॉक्टर, जरा आमच्या कोंबडीलाबी बघा की. लेकरू जेवंना तिच्यापायी." हे बरं झालं. पिशवीत घालून कोंबडी दवाखान्यात आणली असती तर फक्त कोंबडी दिसली असती, ती झोपते कुठं ते दिसलं नसतं. या प्रकरणात तर निम्मं निदान झोपायच्या जागेतच होतं.

घरच्यांनी सांगितलेली हकिकत

गौरी-गणपतीच्या सुमारास काबरीची पिसं झडायला लागली. आधी डोकं आणि मान उघडी पडली, मग छाती. त्याच्या आधीच अंडी बंद झाली होती. आजींनी सारा जन्म कोंबड्या पाळल्या, त्यांना यात नवल वाटलं नाही. "दरसाली झडतेत, दरसाली येतेत. दिवाळी झाली की बघा, नवरीसारखी दिसंल." त्यांचं म्हणणं बरोबरच होतं.

मग बाकीच्या कोंबड्या काबरीच्या उघड्या कातडीवर चोची मारायला लागल्या. एका ठिकाणी रक्तही आलं. म्हणून घरच्यांनी तिला वेगळं काढलं. बाकीच्या कोंबड्या रात्री अंगणातल्या लिंबावर बसतात. काबरीला मात्र जिन्याखालच्या जुन्या खुराड्यात ठेवायला सुरुवात केली. ते खुराडं दोनेक वर्षं रिकामं पडलं होतं. झाडून-पुसून, खाली राख पसरून दिली. आपल्या माणसाची करावी तशी सोय केली.

त्यानंतर तीन-चार आठवड्यांत ती खंगत गेली. दाणे टाकले की येते, चार दाणे टिपते आणि भिंतीला टेकून बसते. डोळे अर्धे मिटलेले. तुरा आधी फिका झाला, मग पांढरा. औषधाच्या दुकानातून पाण्यात टाकायची अँटिबायोटिकची पुडी आणून झाली होती, तिचा काही उपयोग झाला नाही. मधल्या काळात कुणीतरी बर्ड फ्लूचं नाव काढलं आणि सुनेनं लेकराला कोंबडीजवळ जायची बंदी केली. परभणी जिल्ह्यात ही भीती हवेतून आलेली नाही. २०२१ च्या जानेवारीत इथल्याच मुरुंब्यात बर्ड फ्लूनं शेकड्यांनी कोंबड्या मेल्या, हे अजून कुणी विसरलेलं नाही. पण बर्ड फ्लू एका कोंबडीला महिनाभर खंगवत आणि त्याच अंगणातल्या बाकीच्यांना धडधाकट ठेवत बसत नाही. त्यात मर एकाएकी लागते, एकीपाठोपाठ एक. तसं घडलं तर मेलेलं पाखरू उघडायचं नाही, कापायचं नाही, दवाखान्याला कळवायचं. इथं तसं काही नव्हतं. घरच्यांना आधी हे समजावलं, कारण त्याशिवाय कोंबडी धरायलाही कुणी तयार होईना.

पीसगळतीत काय होतं, किती होतं

श्रावण-भाद्रपदात दिवस लहान होत जातो. आपल्याकडं जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरात तो अकरा तासांवर येतो. कोंबडीचं शरीर उजेड मोजत असतं. उजेड कमी झाला की अंड्याचं काम थांबतं आणि पिसं बदलायचं काम सुरू होतं. क्रम ठरलेला: डोकं, मान, छाती, पाठ, मग पंख आणि शेपूट. सगळं मिळून दोन ते तीन महिने लागतात, गावरान कोंबडीला कधी जास्तही. पहिल्या वर्षाच्या तलंगीला हा प्रकार पूर्ण होत नाही, तो दुसऱ्या वर्षापासून दिसतो. म्हणून नव्यानं कोंबडी पाळणारे पहिल्यांदा हे पाहिलं की घाबरतात.

या काळात कोंबडी आजाऱ्यासारखी दिसते हे खरंच आहे. तुरा आक्रसतो, रंग उतरतो, कारण अंड्याच्या वेळचे हार्मोन खाली आलेले असतात. ती कोपऱ्यात बसते, कळपातून बाजूला होते. नवं पीस कातडीतून वर येताना त्याच्या कोंबात रक्त खेळत असतं. त्याला धक्का लागला की दुखतं, म्हणून ती अंगाला हात लावू देत नाही.

खाण्याचा हिशोब मात्र फार कमी लोक करतात. पीस म्हणजे ८५ ते ९० टक्के प्रथिनच. सव्वा किलोच्या कोंबडीच्या अंगावर साधारण ६० ग्रॅम पिसं असतात, म्हणजे तिला ५० ग्रॅमच्या वर प्रथिन नव्यानं उभं करायचं असतं. आपण तिला टाकतो ज्वारी, जिच्यात प्रथिन १० टक्क्यांच्या आसपास. दिवसाला ७०-८० ग्रॅम ज्वारी खाल्ली तर हाती सात-आठ ग्रॅम येतं, आणि त्यातलं बहुतेक रोजच्या जगण्यातच खर्च होतं. उकिरड्यावर किडे, वाळवी, कोवळा पाला मिळाला तर ही तूट भरून निघते. गावरान कोंबडी पिढ्यान्‌पिढ्या तशीच निभावत आली. काबरी मात्र चोचींपासून वाचवायला म्हणून दिवसाही बराच वेळ ओसरीवर बांधलेली असायची. तिचा उकिरडा बंद झाला होता.

इथपर्यंत सगळं पीसगळतीच्या खात्यावर टाकता येतं. माझी अडचण पुढं सुरू झाली.

हातात घेतल्यावर

वजन ९५० ग्रॅम भरलं. छातीचं मधलं हाड बोटांना धारेसारखं लागत होतं, दोन्ही बाजूंचं मांस उतरलेलं. पीसगळतीत कोंबडी थोडी हलकी होते, पण इतकी नाही.

चोच उघडून आत पाहिलं, खालची पापणी ओढून पाहिली. दोन्हीकडं रंग पांढऱ्या कागदासारखा. तुरा फिका असण्याला पीसगळती पुरेशी आहे. तोंडाच्या आतली कातडी पांढरी पडायला ती पुरत नाही. तिथला रंग गेला म्हणजे रक्तच कमी झालंय. कोंबडी पाळणाऱ्या कुणालाही ही एवढी एक तपासणी यावी असं मला वाटतं. पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही, आणि घरातलं शहाणं माणूसही फसतं त्या जागी ती उत्तर देते.

तिसरी गोष्ट पिसांची. मानेवर नवी पिसं आलेली होती, चांगली चकचकीत. म्हणजे काम सुरू झालं होतं. छातीवर आणि पंखाखाली मात्र उघडी कातडी आणि जवळपास कोंबच नाहीत. महिन्यापूर्वी झडलेल्या जागेवर आतापर्यंत कोंब दाटीनं दिसायला हवेत. काम मध्येच बंद पडलं होतं, आणि कधी, तर वेगळ्या खुराड्यात गेल्यानंतर.

बाकी तपासणी लवकर आटपली. ताप नाही. कोंबडीचं नेहमीचं तापमानच १०६-१०७ फॅरनहाइट असतं, काबरीचं त्याच घरात होतं. श्वास स्वच्छ, मान सरळ, पाय चालते, विष्ठा हिरवी नाही, म्हणून मानमोडीचा, म्हणजे राणीखेत रोगाचा, विचार बाजूला ठेवला. गळ्याखालची दाण्याची पिशवी मऊ होती, रात्रीतून रिकामी होत होती. पोटात अडकलेलं अंडं नव्हतं. गुदद्वाराभोवती पिसांच्या बुडाशी उवांच्या लिखांचे गुच्छ शोधले, चार-दोन उवा सापडल्या. पण इतकं रक्त जायला त्या पुरेशा नव्हत्या. विष्ठेचा नमुना बरोबर घेतला. पुढं सूक्ष्मदर्शकाखाली जंतांची अंडी दिसली, तीही तुरळक.

मग पंख उचलला. आतल्या बाजूला उघड्या कातडीवर निळसर-लाल डाग, जुने आणि नवे मिसळलेले. त्यांच्यात तिळाएवढे राखाडी दाणे चिकटलेले. चिमट्यानं एक काढून तळहातावर घेतला, भिंगातून पाहिला. सहा पाय. गोचिडीचं पिल्लू.

खुराड्यात

सून म्हणाली, "गोचीड आसंल तर आमाला दिसली नसती का? रोज बघतो की." ती खोटं बोलत नव्हती. आपल्याला गोचीड माहीत आहे ती म्हशीच्या कासेला लागलेली, दिवसरात्र तिथंच फुगत बसलेली. कोंबडीची गोचीड तशी वागत नाही. तिची बारकी पिल्लं तेवढी चार-आठ दिवस कातडीला चिकटून राहतात. मोठी झाल्यावर ती दिवसा कोंबडीच्या अंगावर थांबतच नाही. लाकडाच्या फटीत, मातीच्या भिंतीच्या चिरेत लपते. रात्री बाहेर येते, अर्धा-पाऊण तास रक्त पिते आणि उजाडायच्या आत घरी जाते. दिवसा कोंबडी कितीही चाळा, हाताला काही लागत नाही.

खुराडं तीन बाजूंनी मातीच्या भिंतीत होतं, पुढं बाभळीच्या जुन्या फळ्या. एका फळीची फट स्क्रू ड्रायव्हरनं उचकली. आत चपट्या, तांबूस-तपकिरी गोचिडी एकीवर एक रचून बसलेल्या, भोवती त्यांच्या घाणीचे काळे ठिपके. रक्त प्यायलेल्या निळसर झाल्या होत्या. दुसऱ्या फटीत तेच. आजींच्या मुलाला म्हटलं, रात्री अकरानंतर मोबाइलच्या टॉर्चवर काबरीच्या पायांकडं आणि पंखाखाली बघा. त्यानं व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवला. त्यात त्या भिंतीवरून रांगेत उतरत होत्या. तो पाहून आजींनी ओसरीवरचं आपलं अंथरूण आतल्या खोलीत नेलं.

दोन वर्षं रिकाम्या खुराड्यात त्या जगल्या कशा, हा प्रश्न घरात सगळ्यांनी विचारला. मोठी झालेली गोचीड दोन वर्षं आणि त्याहूनही अधिक काळ उपाशी राहू शकते. आधीच्या कोंबड्या गेल्या, या मात्र भिंतीत वाट पाहत राहिल्या. ऑक्टोबरचं ऊन, ऊबदार भिंत, आणि समोर पिसं नसलेली एक कोंबडी, रात्रभर एकटी. लिंबावर बसणाऱ्या बाकीच्यांना काहीच झालं नाही त्याचं कारण हेच.

मग दोन्ही गोष्टी एकमेकींत अडकल्या. पिसं उभी करायला प्रथिन लागतं आणि गेलेलं रक्त भरून काढायलाही तेच लागतं. खाण्यातून येणारं तोकडं होतं. शरीरानं जीव राखण्याला आधी पुरवठा केला आणि पिसांचं काम थांबवलं. पिसं नाहीत म्हणून कातडी उघडी राहिली, कातडी उघडी म्हणून गोचिडीला आणखी सोपं झालं.

आधी घर, मग कोंबडी

सगळ्यांची अपेक्षा होती की मी एखादं इंजेक्शन देईन. पण खुराडं तसंच ठेवून कोंबडीला काहीही दिलं असतं तरी रात्री पुन्हा तेच झालं असतं. त्या संध्याकाळपासून काबरी घरात, डालग्याखाली, स्वच्छ पोत्यावर. डालगंही नवं आणायला लावलं, कारण जुनं खुराड्यावरच पडलेलं होतं.

मुलगा उत्साही होता. तो आत जाऊन कपाशीवर मारायच्या औषधाची बाटली घेऊन आला. "हेच मारतो साहेब, एक राहणार नाही." ते मी हातातून काढून घेतलं. शेतातली विषारी औषधं कोंबडीच्या घरात मारली तर गोचिडीच्या आधी कोंबडी जाते, आणि त्या ओसरीवर लेकरू खेळतं. आजींचा उपाय रॉकेल चोपडण्याचा. पिसांनी झाकलेल्या कोंबडीलाही ते बाधतं, इथं तर कातडी उघडी होती, भाजल्यासारखी झाली असती.

फळ्या काढून जाळायला सांगितल्या. यात एक घोळ झाला. दोन फळ्या शेजारच्यांनी चुलीसाठी म्हणून उचलून त्यांच्या गोठ्याच्या भिंतीला लावून ठेवल्या. तिथंही कोंबड्या होत्या. धावत जाऊन त्या परत आणल्या आणि अंगणातच पेटवल्या. भिंतीच्या चिरांत उकळतं पाणी ओतलं, कोरडं झाल्यावर जनावरांच्या गोठ्यात वापरायचं डेल्टामेथ्रिन लेबलवरच्या प्रमाणात फवारलं, कोंबड्या दिवसभर लांब ठेवून. फटीतल्या अंड्यांवर फवाऱ्याचा भरवसा धरता येत नाही, म्हणून पंधरा-वीस दिवसांनी दुसरा फवारा. त्यानंतर चिरा सिमेंटनं बुजवून वरून चुन्याचा हात. मातीच्या भिंतीला सिमेंट फार दिवस धरत नाही हे मला माहीत आहे. पण पैशाच्या हिशोबात एवढंच बसत होतं.

काबरीच्या अंगावरची पिल्लं चिमट्यानं वेचली. तिला लोळायला राख ठेवायला सांगितली. राखेचा उवांवर उपयोग होतो, गोचिडीवर नाही. दुकानातली अँटिबायोटिक बंद केली. गोचिडीमुळं कोंबडीला एक तापाचा आजार होतो, त्यात हिरवट विष्ठा आणि गुंगी येते आणि तेव्हा अँटिबायोटिक लागतंच. तसं काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखान्यात आणा किंवा जनावरांच्या दवाखान्याच्या १९६२ या नंबरवर फोन करा, असं सुनेला दोनदा सांगितलं. जंताचं औषधही तूर्त दिलं नाही. जंत थोडेच होते, आणि फेनबेंडॅझोलच्या जातीची औषधं वाढत्या पिसांना खराब करतात हे कबुतरांत दिसलेलं आहे. पिसं पुरी झाल्यावर बघू म्हटलं.

खाणं

हे काम नातीकडं दिलं आणि तिनं ते माझ्या अपेक्षेपेक्षा चोख केलं. ज्वारी चालू, पण अर्धी. त्याबरोबर भाजून भरडलेलं सोयाबीन. घरचंच होतं, मात्र कच्चं द्यायचं नाही, कच्च्या सोयाबीनमधलं प्रथिन पचत नाही. बाजारातली थोडी सुकट, दोन पाण्यांनी धुऊन, मीठ जाईपर्यंत. रोज अर्धं उकडलेलं अंडं. यावर आजींनी तोंडाला पदर लावला, "कोंबडीला कोंबडीचंच अंडं?" कच्चं दिलं तर ती अंडी फोडून खायला शिकेल, उकडलेलं कुस्करून दिलं तर तिला कळतही नाही. शेंगदाण्याची पेंड घरात होती, पावसाळ्यात कोंदट वास आलेली. ती टाकून द्यायला लावली, कारण तसल्या पेंडीतली बुरशी कोंबडीचं काळीज, म्हणजे यकृत, खराब करते. लोह आणि बी-कॉम्प्लेक्सचं टॉनिक पाण्यातून. अंडी देणाऱ्या कोंबडीचं तयार खाद्य आणू का, असं मुलानं विचारलं. त्यात चुना भरपूर असतो, अंडी बंद असताना त्याची गरज नाही. शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, तिला हवा तर ती घेईल.

पुढं

पहिल्या आठवड्यात घरच्यांना काही फरक दिसला नाही. रक्त इतक्या लवकर भरत नाही. मग पापणीच्या आत गुलाबी छटा आली. तुरा मात्र फिकाच होता. मी तुऱ्याकडं बघूच नका म्हटलं होतं, पापणी बघा. दिवाळीच्या आसपास छातीवर आणि पंखांखाली कोंब एकदम फुटले. नातीला तेव्हा तिला उचलून घ्यायची बंदी होती, आणि हीच एक गोष्ट तिला जमली नाही. पंखातला एक कोंब मोडला, रक्त आलं. कापूस दाबून धरला, हळद लावली, थांबलं.

मार्गशीर्षात पिसं पुरी झाली. शेपटीची सगळ्यात शेवटी. वजन सव्वा किलोवर गेलं. कळपात परत सोडताना पहिले काही दिवस मारामाऱ्या झाल्या, कारण मधल्या काळात तिची जागा दुसरीनं घेतली होती. ती आता लिंबावर झोपते. संक्रांतीनंतर दिवस मोठा होत गेला तसा तुरा लाल झाला आणि तिनं अंडं घातलं, ओसरीवरच्या धान्याच्या पोत्यामागं.

अलीकडं सुनेचा फोन आला. काबरी खुडूक झाली आहे, जिन्याखाली चुना लावलेली जागा रिकामीच आहे, तिथं बसवू का? खुडूक कोंबडी एकवीस दिवस एका जागेवरून हलत नाही, खाणं निम्म्यावर येतं, आणि पिलं निघाल्यावर पुन्हा थोडी पिसं टाकते. त्या भिंतीला उन्हाळ्यात परत चिरा पडणार. मी नको म्हटलं. अंडी दुसऱ्या कोंबडीखाली घाला, तीही आतल्या खोलीत, टोपलीत. काबरीला दोन-चार दिवस दिवसा उजेडात डालग्याखाली, खाली गवत न घालता ठेवा, खुडूकपणा मोडेल. आणि त्या भिंतीत फाल्गुनात एकदा रात्री टॉर्च मारून बघा.